विहिरीतला कळप

मी मासे खात नाही. शाळेत असल्यापासून पकडतो, पण खात नाही. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता मला त्यात काही वावगं वाटत नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं. रांजणगावच्या ज्या कंपनीत मी आहे तिथं माझ्या लाइनवर बिहारचा एक जण आहे. तो दर सोमवारी कॅन्टीनमध्ये विचारतो, "भाईसाब, कल कितना मिला?" मी सांगतो. मग तो चमचा खाली ठेवून विचारतो, "और खाया?" मी मान हलवली की तो असा बघतो, जणू मी त्याच्या गावाकडच्या सगळ्या नद्यांचा अपमान केला.

कारण साधं आहे. आमच्या घरात मासा शिजत नाही. मटण शिजतं, तेही अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर. पण मासा आईला चालत नाही. तिच्या नाकाला तो वास सहन होत नाही, आणि तिच्यापुढं घरात कुणाचं काही चालत नाही. मेंढरांच्या वासात संसार केलेल्या बाईला माशाचा वास का खुपावा, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

आम्ही मूळचे मेंढरांतले. माझे वडील, म्हणजे आबा, तरणेपणी कळप घेऊन मुलखोमुलूख हिंडलेले. पुढे नदीवरनं पाइपलाइन आली, रानात ऊस आला, आणि मेंढरं शिरूरच्या बाजारात गेली. माझ्या आठवणीत कळप नाहीच. आठवणीत आहेत ती माळ्यावर पडलेली वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरखंडाची जाळी, आणि उसाच्या बांधावर काठीला टेकून, एक पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून उभे असलेले आबा. ते उसाचीही राखण उभ्यानंच करायचे. ऊस कुठं पळून जात नाही, ही त्यांची उसाबद्दलची मुख्य तक्रार होती.

आबा बसत नसत. जेवायला आणि न्हाव्यापुढं बसत तेवढंच. "राखणारा बसला की डोळा लागतो, आन् डोळा लागला की लांडगा येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या शिवारात लांडगा येऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि त्यानं न्यावं असं काही आमच्याकडे उरलंही नव्हतं. पण हे आबांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो आणि मला नेमका बसायचा नाद लागला.

गाव आमचं घोडनदीच्या काठी, इनामगावच्या शेजारी. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला एक डोह होता. तिथं मी टाचणी वाकवून गळ केला, आईच्या शिवणाचा दोरा दुहेरी करून शेवरीच्या काठीला बांधला, आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचा सोललेला तुकडा लावला. गांडूळ टोचलं आणि बसलो. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं, आणि ताटाचा तुकडा एकाएकी बुडाला. ओढलं तर बोटाएवढी चिलापी.

मासा लहान होता, पण त्या आधीचा तो क्षण! तुकडा बुडाला तेव्हा मला कळलं की दोरीच्या पलीकडे कुणीतरी आहे. मला दिसत नाही, पण आहे, आणि ते आत्ता माझ्याशी खेचाखेची करतंय. मला फार आनंद झाला. तेवढा आनंद मला लग्नातही झाला नाही, आणि हे बायकोला माहीत आहे.

मासा डब्यात घालून मी पळत बांधावर गेलो. आबांनी डब्यात डोकावलं.

"हे धराया किती येळ लागला?"

"सकाळपसनं."

"आन् तवर काय करत हुतास?"

"बसलो हुतो."

"बसून?" म्हणाले. बाकी काही नाही. पण तो एक शब्द त्यांनी असा टाकला की मी डबा पाठीमागं घेतला.

मी हार मानली नाही. शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं की इनामगावला उकरलं तेव्हा हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडली, रांजण सापडले, त्यात माशांचे काटेसुद्धा होते. मी घरी येऊन ऐटीत म्हणालो, "आबा, आपल्याकडं लोक पहिल्यापसनं मासं धरत्यात. पुरावा हाय."

"म्हणूनच मातीखाली गेली," आबा म्हणाले.

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. आबांनी एकदा नदीवर यावं आणि माझ्याशेजारी बसावं. मी त्यांच्यासाठी एक दगडसुद्धा बघून ठेवला होता, पाठ टेकता येईल असा. ते यायचेही कधीमधी, पाइपलाइन बघायला. काठीला टेकून माझ्या मागं उभे राहायचे.

"काय दिसतंय?"

"काय न्हाई."

"मंग बघतोस काय?"

एवढं बोलून निघून जायचे. मी मोठा झालो, कंपनीत लागलो, काठी फायबरची झाली, तिला रीळ आलं, लग्न झालं, पोरं झाली. दगड तिथंच राहिला.

आता त्या पहिल्या चिलापीचं काय केलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. आईनं डबा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. मी अंगणात रडत उभा. तेवढ्यात शेजारचे आप्पा आले आणि म्हणाले, "रडतुस कशाला? हिरीत सोड. हिरीत मासं असलं की पाणी जितं ऱ्हातं." मी विहिरीत सोडली. आणि मग तीच रीत पडली. लोक नदीवरनं मासे आणतात आणि खातात. मी नदीवरनं मासे बादलीत घालून, मोटरसायकलला अडकवून आणायचो आणि विहिरीत सोडायचो. एका पाण्यातून उचलून दुसऱ्या पाण्यात. याला छंद म्हणायचं की वाहतूक, असं बायको विचारते.

आबांनी या उद्योगाकडं वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नाही. मग दोन-तीन वर्षांमागं एका सकाळी ते मोटर चालू करायला विहिरीवर गेले आणि तिथनं ओरडायला लागले. मी अर्धी दाढी केलेला तसाच पळालो. मला वाटलं, कुणी पडलं.

"आरं, खाती! सोताची पिल्लं खाती ही!"

विहिरीच्या कडेला एक चिलापी होती. तिच्याभोवतीची इवली इवली पिल्लं एकामागोमाग एक तिच्या तोंडात शिरत होती. आबांचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हणालो, जरा थांबा. ती जात पिल्लं तोंडात सांभाळते. भीती वाटली की आत घेते, भीती सरली की बाहेर सोडते. आम्ही वाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं तिनं तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं सुखरूप बाहेर आली.

आबांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "मेंढीला हे जमत न्हाई."

आणि तिथून आमची विहीर बिघडली.

दुसऱ्या दिवसापासून आबा भाकरीचा तुकडा घेऊन विहिरीवर जायला लागले. आधी कुस्करून टाकायचे. मग जिभेनं टाळूवर टॉक टॉक करून, शेवटी लांब 'हुर्रर्र' लावून टाकायचे. ही त्यांची मेंढरांना बोलवायची हाक. महिनाभरात असं झालं की हाक गेली की विहिरीचं पाणी खळबळायचं. त्यातला एक मोठा कटला नेहमी पुढं असायचा. त्याला आबांनी म्होरक्या ठरवलं. कळपात पुढं चालणारा एक मेंढा असतो, बाकीची त्याच्या मागं जातात, तसा हा. मी सांगून बघितलं की माशांत असं काही नसतं. "तू नदीवर बसून काय शिकलास मंग?" असं उत्तर आलं.

पुढं त्यांना खूण करायचं सुचलं. मेंढरं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून रंग लावतात, तसं शेपटीला काहीतरी करावं म्हणाले.

"आबा, हिरीतली कुठं मिसळणार हायेत?"

"आप्पाच्या हिरीत."

"तितं जायला वाट कुठं हाय?"

"पाण्याला वाट असतीच," म्हणाले. मी हात टेकले. रंगाचं मात्र आईनं चालू दिलं नाही, कारण ते पाणी प्यायचं होतं.

मग पिल्लं कमी व्हायला लागली. आबांचं जेवण कमी झालं. एका दुपारी त्यांनी मला विहिरीवर नेलं आणि काठीनं दाखवलं. कपारीत एक लांब, काळसर, सापाच्या डोक्याचा मासा निवांत पडून होता. मरळ. मीच कधीतरी आणून सोडलेली.

"हा लांडगा कुणी सोडला कळपात?"

मी बोटानं स्वतःकडं दाखवलं.

"धर त्येला."

आयुष्यात पहिल्यांदा आबांनी मला मासा धरायला सांगितलं. मी रजा टाकली. सुपरवायझरला कारण काय सांगावं ते कळेना, शेवटी "घरी जनावराचा प्रॉब्लेम" म्हणालो. मरळ हुशार असते. तिनं गांडूळ नाकारलं, कणीक नाकारली. ती दिवस दिवस कपारीतनं माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं, आणि आबा माझ्या मागं काठीला टेकून आम्हा दोघांकडं. माझी पाठ मोडून गेली. "आबा, बसा की," मी म्हणायचो. "लांडगा हाय आन् बसू?" ते म्हणायचे. शेवटी गळाला बेडकी लावली तेव्हा ती आली. मी तिला वर घेतलं, आबांनी तिच्याकडं नीट बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि "बरं झालं" म्हणून घराकडं गेले. मी मरळ नदीत नेऊन सोडली. शाबासकी नाही, पाठीवर हात नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी पन्नाशीला आलेलो, तरी वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली खाली जायला लागलं. कपारी उघड्या पडल्या. आबा काठावर उभे राहून बघायचे आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "कळप हलवाया पायजे."

चारा-पाणी संपलं की मुलूख बदलायचा, पाऊस झाला की परत यायचं, हा त्यांच्या हाडातला हिशोब. जायचं कुठं तेही ठरलेलं. माझी थोरली बहीण, अक्का, खुटबावला दिलेली. दाजींचं शेततळं आहे, कॅनॉलच्या पाण्यावर भरतं. आई म्हणाली, "म्हाताऱ्याला येड लागलंय." पण भाकरी बांधून दिली.

मी एक पिकअप आणि पाण्याची टाकी भाड्यानं सांगितली. पण आधी मासे विहिरीतनं काढायचे होते. आबांनी माळ्यावरनं वाघूर काढली. जिच्या भोकातनं मेंढराचं फक्त डोकं जातं, त्या भोकातनं चिलापी नांदायला गेल्यासारखी डौलात निघून जात होती. आबा म्हणाले, काही हरकत नाही, म्होरक्या धरा, बाकीची मागनं येतील. मग मी सकाळपासनं फक्त म्होरक्याच्या मागं. तो एकदाचा गळाला लागला. आबांनी त्याला टाकीत ठेवलं, टाकी विहिरीच्या तोंडाशी आणली, टॉक टॉक करून हुर्रर्र केलं आणि खाली बघत थांबले. मी बघत थांबलो. पिकअपवाला पोरगाही वाकून बघत थांबला. कुणीही वर आलं नाही.

"म्होरक्याची आठवण येईना व्हय रं यांना?" आबा म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं.

शेवटी मोटर लावून उरलंसुरलं पाणी उपसलं आणि चिखलात उतरून मी आणि पिकअपवाल्यानं घमेल्यानं मासे गोळा केले. फायबरची काठी, रीळ, माझी आयुष्यभराची विद्या, सगळं वरती बाभळीला टेकवून ठेवलेलं.

लग्नात पाणी पुरवतात तसली मोठी प्लास्टिकची टाकी पिकअपमध्ये, तिच्यात कळप, आणि टाकीशेजारी आबा. अर्थातच उभे. खांद्यावर घोंगडं, एका हातानं केबिनची दांडी धरलेली, दुसऱ्या हातातल्या काठीनं पाणी ढवळताहेत, म्हणजे जनावरांचा जीव गुदमरू नये. न्हावऱ्याच्या चौकात चहाला थांबलो तर एकानं विचारलं, "आबा, काय हाय टाकीत?"

"कळप."

त्यानं टाकीत डोकावलं, मग काठीकडं बघितलं, घोंगड्याकडं बघितलं, आणि आपला चहा घेऊन लांब जाऊन उभा राहिला.

पारगावच्या पुलाअलीकडं आबांनी केबिनवर काठी आपटली. गाडी थांबली. नदी ओलांडायच्या आधी कळपाला पाणी दाखवायचं असतं, ही रीत. मी म्हणालो, "आबा, ती पाण्यातच हायेत." त्यांनी माझ्या हातात बादली दिली. मागं दुधाचा टँकर हॉर्न वाजवतोय, आणि मी भीमेतनं बादल्या भरून आणतोय, आबा त्या टाकीत ओतताहेत. पिकअपवाला मला हळूच म्हणाला, "दादा, परतीला पण हेच हाय का?"

खुटबावला खरा पेच पडला. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करू नये, असं आबांचं. लग्न झाल्यापासून ते अक्काकडं सकाळच्या एसटीनं जायचे आणि दुपारच्या एसटीनं परत. पण कळप सोडून राखण्या घरी कसा जाईल? त्यांनी शेततळ्याच्या बांधावर चार काठ्या रोवल्या, वर घोंगडं टाकलं आणि बिऱ्हाड मांडलं. अक्का रडकुंडीला आली. "आबा, घर हाय, पंखा हाय. लोक काय म्हणतील मला?"

"मी तुझ्याकडं आलोच न्हाई. मी वाड्यावर हाय, कळपाच्या मुक्कामाला."

"मंग जेवणार काय? लेकीचं खायचं न्हाई म्हणता."

याचंही उत्तर तयार होतं. पूर्वी रानात मेंढरं बसवली की खताच्या बदल्यात रानमालक धान्य द्यायचा. मासे तळ्यात बसलेत, त्यांचं खत पाण्यात, ते पाणी दाजींच्या रानात. तेव्हा भाकरी लेकीची नाही, रानमालकाची. हक्काची. दाजी बिचारे भले माणूस. ते रोज दोन्ही वेळा ताट घेऊन बांधावर जायचे आणि म्हणायचे, "मामा, तुमच्यामुळं रान लई सुधारलं बघा." आणि आबा ते ताट उभ्यानंच घ्यायचे. तिथं तर जेवायलासुद्धा बसत नव्हते.

उन्हाळा गेला, पाऊस झाला, आमची विहीर भरली. आईनं एक दिवस मला सांगितलं, "जा आन् घिऊन ये त्यास्नी." आवाज नेहमीसारखाच होता, पण अंगणातली आबांची बाज तिनं धुऊन उन्हात टाकलेली मी बघितली. मी रविवारी काठी घेतली आणि खुटबावला गेलो.

तळं काठोकाठ भरलेलं. आबा बांधावर उभे. वाळले होते, काळे पडले होते, आणि मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, हीर भरली, आई वाट बघतीय, चला. ते म्हणाले, "कळप?"

तळ्याच्या हिरव्या पाण्याकडं मी बघितलं. एवढ्या पाण्यातनं एक एक मासा काढायला माझं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं. तरी म्हणालो, "गळ टाकतो. निघतील तेवढी नेऊ."

"आपल्याच जनावराला गळ?"

"मंग काय करू, आबा?"

त्यांनी माझ्या हातातली दोरी घेतली, दातानं तोडून गळ वेगळा केला आणि टोपीच्या घडीत खोचून ठेवला. "आता टाक," म्हणाले.

मी टाकली. बिनगळाची दोरी, टोकाला नुसता कणकेचा गोळा. आणि बसलो, कारण मला दुसरं काही येत नाही. आबा माझ्या मागं उभे होते. आता विचारतील, काय दिसतंय, असं वाटलं. विचारलं नाही. मग माझ्याशेजारी काठी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं तर ते एका हातानं जमीन चाचपत खाली येत होते. मला वाटलं पडताहेत, मी धरायला उठलो.

"बस की," ते म्हणाले, आणि गुडघे कटकन वाजवत माझ्याशेजारी बसले.

दगड नव्हता, पाठ टेकायला काही नव्हतं.  बोललो ते अगदीच खुळ्यासारखं. म्हणालो, "आबा, आन् लांडगा आला तर?"

ते पाण्याकडं बघत होते. म्हणाले, "त्यो तूच धरलास की."

थोड्या वेळानं दोरीवरचं तरंगतं बोंड हललं, हललं आणि बुडालं. आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आला म्होरक्या," ते म्हणाले. मी दोरी ओढली नाही. कणीक संपेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.